वैशाखात वर्ज्य

माझे वडील, नाना, धुळ्याला जंगलखात्यात कारकून होते. साहेबांचे सातपुड्यातले दौरे आखायचे, हे त्यांचं काम. तापीचं पाणी कधी उतरतं, घाटातली वाट कधी सुकते, हिवताप कधी ओसरतो, सगळं तोंडपाठ. तोरणमाळचा तर भारी अभिमान. जेवायला बसले की सुरू: डोंगरमाथ्यावर केवढा तलाव, कसा गार वारा, मार्गशीर्षात मडमेला डोलीतून वर नेली तर ती कशी टाळ्या पिटत होती. माय चुलीपुढे बसून ऐकायची. मला त्या मडमेचा असा राग यायचा की घास गिळवत नसे.

मायला तो तलाव बघायचा होता. दुसरं काही तिनं मागितलेलं मला आठवत नाही, सोनं नाही की लुगडं नाही. अमळनेरकडच्या काळ्या रानात वाढलेली बाई, डोंगर नुसता दुरून निळा पाहिलेला. "सायबले दरसाल लई जातस, माले एकदाव दखाडा," म्हणायची. नाना हसायचे.

जायला हिवाळा चांगला. पण हिवाळ्यात माय धुळ्यात असायचीच कुठे? दसरा झाला की तिला सासरच्या गावी कपाशीच्या वेचणीला धाडायचे, आणि संक्रांत उलटेपर्यंत ती तिथे मजुरांच्या भाकरी थापत असायची. पावसाळ्यात घाट बंद. आमच्या खानदेशात बाईमाणसाला हक्काची सुट्टी एकच, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. वैशाखातल्या त्या आठ दिवसांत लेकी माहेरी जातात, झोके घेतात, कुणी त्यांना काम सांगत नाही. मायचे आईवडील वारले, भावजयांनी बोलावणं बंद केलं, तसे ते आठ दिवस रिकामे पडले. मग ती म्हणाली, "आखाजीले माले तठे लई चाला."

"वैशाखात? डोकं ठिकाणावर आहे का?" नाना ओरडलेच.

कचेरीत दौऱ्यांचा एक तक्ता होता. त्यात वैशाखापुढे लिहिलेलं: वर्ज्य. उष्मा, वणवे, पाण्याचा तुटवडा. तो तक्ता नानांच्या आधीच्या कारकुनानं त्याच्या आधीच्यावरून उतरवलेला, आणि नाना दर वर्षी तो सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवायचे. काना-मात्रेचा फरक नाही. साहेबलोक उन्हाळा लागला की थंड हवेच्या ठिकाणी निघून जात, त्यामुळे वैशाखात तोरणमाळ चढायची वेळ नानांवर कधी आली नव्हती.

माय दर आखाजीला विचारायची, नाना दर आखाजीला तक्ता ऐकवायचे. ती बिचारी आपले आठ दिवस धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घराच्या धाब्यावर, त्या मातीच्या सपाट छतावर, कुरडया घालण्यात घालवायची. लग्न होऊन मी जळगावला गेले. एका आखाजीला माहेरी आले असताना मीच भांडले. म्हटलं, "तुम्ही बसा घरी, मी नेते तिला."

"आणि पाण्यावाचून मेली म्हणजे?" नाना म्हणाले.

माय घाबरली नाही. मी घाबरले आणि गप्प बसले. ती चूक माझी, दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

त्याच साली भादव्यात माय हिवतापानं गेली. डोंगरातल्या हिवतापाची नानांना केवढी धास्ती! त्यानं तिला देवपुरातच गाठली.

पुढची आखाजी आली. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवतात. मला भाऊ नाही. मी नानांना सांगून टाकलं, "मायची घागर मी भरणार, आणि तोरणमाळच्या तलावावर भरणार."

"अगं, तिथे आता चिखल असेल नुसता."

"मग चिखल आणीन. तुम्ही नका येऊ, वर्ज्य आहे ना!"

पण आले. दोंडाईच्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. तापीत घोट्याएवढं पाणी. डोंगराच्या पायथ्याला खात्याचा बंगला होता, त्याची विहीर ठणठणीत कोरडी. नानांचा चेहरा खुलला. "बघ! सांगत नव्हतो?" बापाच्या कानफटात द्यावीशी वाटली मला. खोटं कशाला सांगू?

पहाटे चढायला लागलो. वणव्यानं काळी पडलेली झाडं, पायाखाली राख. नानांना धाप लागत होती तरी दर वळणावर ते मागे फिरायचं म्हणत होते. माथ्यावर पोचलो आणि गार वारा अंगावर आला. पुढे झाडी, आणि झाडीच्या पलीकडे पाणी. थोडंथोडकं नव्हे, नजर पुरणार नाही एवढं. म्हशी डुंबत होत्या, बाया धुणं धूत होत्या.

नानांनी तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं, यंदा अवकाळी पाऊस झाला होता का? तो त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. "हाई तळं आटत नही, नाना. वैशाखमा बठ्ठा आठेच पानी भरतस." वैशाखात सगळे इथेच पाणी भरतात.

आटत होती ती खालची विहीर. कुण्या कारकुनानं कधीकाळी ती साऱ्या डोंगराच्या नावावर लिहून टाकली, आणि माझ्या बापानं ती जन्मभर सुंदर अक्षरात उतरवली.

नाना काठावर बसले. "मी कुणाला विचारलंच नाही गं."

"विचारणारी घरात होती की! दर साल विचारत होती."

ते रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं. घागर बुडवली तेव्हा त्यांनी हात पुढे केला, तो मी लावू दिला नाही. भरलेली घागर डोक्यावर घेऊन मी काठाकाठानं चालू लागले, तशी ते उठून माझ्याबरोबर आले आणि बोलू लागले. तो पलीकडे साहेबांचा वरचा बंगला. हिवाळ्यात इथे धुकं उतरतं. त्या कोपऱ्यात कमळं असतात. कचेरीतली मराठी सोडून ते मायच्या बोलीत बोलत होते, आणि माझ्याकडे न बघता घागरीकडे बघत होते.

मला दया आली नाही. पण मी पाय हळू टाकले, त्यांचं सांगून होईपर्यंत.