गच्चीवरचे खोटे गज

लग्न ठरवायला माझे वडील पिशोरहून मुकुंदवाडीला आले, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना आधी गच्चीवर नेलं. चार ठिकाणी कॉलमचे गज वर आलेले. "हा मजला धाकट्याचा, म्हणजे तुमच्या पोरीचा," सासरे म्हणाले. वडील खूश.

दोन वर्षांत मजला नाही, मोबाइलचा टॉवर आला, त्याच गजांवर. बसवणाऱ्यांनी वरून गज बघितले, खाली उतरून कोणी पाहिलं नाही. टॉवरखालची खोली आमची. एकदा मी मजल्याचा विषय काढला तर सासूबाई फणकारल्या, "कशाचा मजला? ते गज तुझ्या बापाला दाखवायला स्लॅबात रोवले व्हते. खाली कॉलम हाय कुठं?" पायाखालची जमीन सरकली म्हणतात तसं झालं, पण मला भीती डोक्यावरची होती.

मग छताला भेग पडली. एका दुपारी माझ्या पोरीच्या उशीवर प्लास्टरचा पोपडा पडला. ती अंगणात खेळत होती म्हणून वाचली. नवरा म्हणाला, "बाबा बघतील." बाबांनी बघितलं, अन् भेगेवर पुट्टी मारून घेतली.

यंदा कंपनीला वर आणखी अँटेना चढवायचे होते, म्हणून एक इंजिनिअर घर तपासायला येणार होता. सकाळीच मी सासऱ्यांचे पाय धरले. "मामा, आज तरी खरं सांगा."

"अन् व्याह्यापुढं माझी अब्रू घालवू?" ते म्हणाले. मेल्या अब्रूला जाळायचं का, असं ओठांवर आलं होतं, गिळलं.

इंजिनिअरनं विचारलं, "हे कॉलम पायापासून आहेत?"

"व्हय. पायापासून."

"खाली कोण झोपतं?"

"घरातलं कोणी नाय. सून अन् तिची पोरगी असते. पोरगा रात्रपाळीला."

मी चहा घेऊन दारातच उभी होते. चहा ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "मामा, कॉलम पक्के हायेत तर आजपासून तुमची अन् आत्याबाईंची खाट त्याच खोलीत टाकते. वारं लई छान येतं तिथं."

सासऱ्यांनी कप उचललाच नाही. "साहेब, लिहू नका," ते म्हणाले. "खाली कॉलम नाय. गज नुसते रोवलेत."

तीन वर्षं आम्ही मायलेकी त्या छताखाली झोपत होतो, तेव्हा त्यांना हे एकदाही आठवलं नव्हतं.