वरात निघेपर्यंत

बाबूजींना ऐकू येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि हीच गोष्ट लोक आमच्या तोंडावर फेकायचे. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मशीनजवळ उभं राहून त्यांनी उमर काढली आणि कान तिथेच ठेवून आले. पुढे लकव्यानं उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मग दवनीवाड्याकडच्या आमच्या गावी, बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडच्या भिंतीला लागून त्यांची खाट पडली. त्या भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्याची जीप उभी राहायची.

शेजारी परका नव्हता. भाऊकीतलाच होता, तीन-चार पिढ्यांमागे चूल एक होती. त्या घरात काकी आणि तिचा एकुलता एक मुलगा. काकीचा नवरा लवकर गेला, तिनं दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाची रोवणी करकरून पोराला वाढवलं. पोरानं मोठा होऊन जुनी जीप घेतली, गाव ते गोंदिया सवारी भरू लागला आणि जीपमध्ये डेक बसवला. मागच्या सीटखाली हंड्याएवढा बफर, धमधमणारा स्पीकर. तो वाजला की गाणं आमच्या घरात यायचंच नाही, नुसते धक्के यायचे. फळीवरचे गिलास सरकायचे, भिंतीची माती बाबूजींच्या उशीवर पडायची. त्या वर्षांत गावात लाइन निम्मा दिवस नसायची, पंखे बंद, टीव्ही बंद. पण जीपच्या बॅटरीला कसलं आलंय भारनियमन!

धक्के सुरू झाले की बाबूजी डाव्या हातानं खाटेची पाटी, म्हणजे कडेचं लाकूड, धरायचे. बोलता येत नव्हतं, पण पाटी धरलेली मला दिसायची. मी गोंदियाला एका दवाखान्याच्या काउंटरवर बसायची आणि रोज गावाहून जाणं-येणं करायची. तोंडानं आधीच फटकळ. एक दिवस जाऊन जीपच्या दारात उभी राहिले.

“आवाज कमी कर ना रे. बाबूजीले त्रास होऊन राहिला.”

“ताई, काकाजीले तं ऐकूच येत नाही.”

“ऐकू नाही येत, पण खाट तं हालते ना!”

“मी काय तुमच्या घरात येऊन वाजवून राहिलो का? माही गाडी, माहा डेक, रस्ता सरकारचा.”

खरं सांगायचं तर त्याचंही एक रडगाणं होतंच. गोंदियाच्या स्टँडवर चार जीपा उभ्या असत. ज्या जीपमध्ये गाणं नाही, तिच्याकडे पोरं ढुंकून पाहत नसत. मी म्हणायची, स्टँडवर वाजव ना मग, आमच्या भिंतीला लागून काय सवारी भरतोस? तो म्हणायचा, दिवसभर लोकांसाठी वाजवतो, घरी आल्यावर माझ्यासाठी. तंटामुक्ती समितीनं आम्हा दोघांना बसवून चहा पाजला आणि मिटलं म्हणून जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कामाला जायला त्याचीच जीप. त्यानंही समोरची सीट माझ्यासाठी धरून ठेवलेली. रागानं तोंड फिरवून मी तिच्यावरच बसायची, कारण त्या वेळेला गावातून दुसरी गाडी नव्हती.

असं दोनेक वर्षं चाललं. मग त्याचं लग्न ठरलं, सालेकशाकडची मुलगी. वैशाखातला दिवस होता. दारात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, गल्लीभर पाहुणे, आणि नवरदेवाची गाडी म्हणून तीच जीप, झेंडूच्या माळा घालून आमच्या भिंतीला लागून उभी. डेक सकाळपासून सुरू होता. मी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. लग्नासाठी नव्हे, बाबूजींचा श्वास आदल्या दिवसापासून बरा नव्हता म्हणून.

नवरदेवाला मारोतीच्या देवळात नेऊन आणलं आणि वरात निघायची तयारी सुरू झाली, त्याच सुमाराला बाबूजी गेले. मी चमच्यानं पाणी पाजत होते, ते ओठाच्या कडेनं बाहेर आलं. डावा हात खाटेच्या पाटीवर होता, तो सैल पडला. खाट तशीच हालत होती.

माझ्या तोंडून किंकाळी निघणार, तोच मायनं माझ्या तोंडावर हात ठेवला. माझी माय म्हणजे चार घास कमी जेवेल पण चार शब्द जास्त बोलणार नाही, अशी बाई. तिनं आधी दार लोटलं.

“आवाज नको काढू. मयत कानावर पडली की भाऊकीले सुतक लागते. नाही पडली, तं नाही लागत. वरात निघू दे.”

म्हणजे असं की, मी दारात जाऊन एक वाक्य बोलले असते तर तो डेक तिथल्या तिथे बंद पडला असता. मांडवही उतरला असता. सालेकशाकडे हळद लावून बसलेली मुलगी तशीच बसून राहिली असती. दोन वर्षं भांडून मला जे मिळालं नाही, ते आता एका वाक्यावर आलं होतं. आणि मला ते वाक्य बोलायचं होतं. खोटं कशाला सांगू, फार बोलायचं होतं.

“माय, त्यानं आपलं एक दिवस तरी ऐकलं का?”

“नाही ऐकलं. म्हणून का मी त्याच्या मायचं लगनघर मोडू?”

तेवढ्यात दारावर थाप पडली. माय दार अर्धं उघडून चौकटीत उभी राहिली, आतलं काही दिसू नये अशी. बाहेर काकी होती, हातात ओवाळणीचं ताट.

“बाई, चला ना. पोराले ओवाळायचं आहे. मी तं अशी, माहा हात चालत नाही. भाऊकीत मोठी सवाशीण तुम्हीच.”

मी खाटेजवळून मायची पाठ पाहत होते. कपाळावरचं कुंकू अजून तसंच होतं तिचं. ते पुसायलासुद्धा सवड मिळाली नव्हती.

“ह्याहिले टाकून नाही येता येत,” माय म्हणाली. “दुसरीले सांग.”

काकी ताट घेऊन परतली. अजून मनात धरून आहे बाई, असं तिला वाटलं असणार. वाटणारच. पाठोपाठ नवरदेव स्वतः आला, मुंडावळ्या बांधलेला, अंगाला हळदीचा वास.

“काकीजी, डेकचा राग आहे ना? मी बंद करतो. काकाजी झोपले आहेत का?”

“हो. झोपले आहेत.”

तो वळला आणि खरोखरच डेक बंद केला.

ती शांतता मी कधी विसरणार नाही. हीच मागत होते ना मी दोन वर्षं? आता ती आली आणि त्या शांततेत माझा श्वाससुद्धा गल्लीत ऐकू गेला असता. मी बाबूजींचं पांघरूण तोंडात कोंबलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर माझा आवाज फुटलाच असता.

मायला ते पाठमोरं कळलं. “नाही रे बापू,” ती म्हणाली, “वाजू दे. नवरदेवाची गाडी मुकी जाते का? चांगला मोठ्यानं वाजव.”

डेक पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. त्या आवाजाखाली मी बाबूजींच्या छातीवर डोकं ठेवून पोटभर रडून घेतलं. ज्या बफरला मी शिव्याशाप दिले होते, त्याच्या आडोशानं रडले. माय मात्र चौकटीत तशीच उभी. वरातीतल्या बाया हात हलवत होत्या, ती त्यांना हात हलवत होती.

वरात गेली आणि मग आम्ही दार उघडलं. गल्लीत म्हातारेकोतारे आणि कुत्रे उरले होते. भाऊकीतले सगळे पुरुष सालेकशाच्या वाटेवर. बाबूजींना खांदा द्यायला दुसऱ्या मोहल्ल्यातली माणसं आली, ज्यांच्याशी आमचं पाणीसुद्धा देण्याघेण्याचं नातं नव्हतं. घरात मुलगा नाही, तेव्हा मडकं मी धरलं. पोरीनं मडकं धरावं की नाही यावर एरवी गावानं संध्याकाळ घालवली असती, पण वाद घालायला कोणी जागेवरच नव्हतं.

बाया मायजवळ येऊन बसल्या, रीतीप्रमाणे गळ्यात पडून रडल्या. माय त्यांच्या मधोमध बसली होती, कोरडी. दहाव्याला कोरडी, तेराव्याला कोरडी. पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं, एवढा आजार काढला बाईनं, कंटाळली असेल, सुटली. मला त्यांची तोंडं फोडावीशी वाटत.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवी सून घेऊन काकी गावात परतली, तेव्हा तिला कळलं. ती धावत आली आणि मायच्या पायावर पडली. “काऊन नाही सांगितलं बाई, काऊन नाही सांगितलं?” पोरगा दाराबाहेर उभा, हळदीच्या अंगानं. तो आत यायला धजला नाही. पुढे त्यानं जीपमधून डेक काढला. गल्लीत शिरताना तो इंजिनही बंद करायचा आणि जीप ढकलत आणायचा. मला त्याचा राग यायचा तो तेव्हा जास्त. आता कोणासाठी?

दोनएक वर्षांनी एका दुपारी माय तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, “माय, तू बाबूजीसाठी रडली काऊन नाही?”

तिचे हात थांबले नाहीत. “वरात गेल्यावर बसली ना मी त्यांच्याजवळ. आता रडू म्हणलं. पण आलंच नाही. दाबून दाबून कुठं गेलं कोणास ठाऊक. अजून वाट पाह्यते मी.” मग म्हणाली, “लोकाईले वाटते मले दुःख नाही झालं. तुले बी तसंच वाटते का?”

“नाही,” मी म्हटलं.

ती बाबूजींसाठी एकदाही न रडता गेली. ती गेली तेव्हा भर दुपार होती, गल्लीत कसलाही आवाज नव्हता. मी अंगणात बसून गळा काढला, माझ्या वाटचं रडले आणि तिच्या वाटचंही. कोणीतरी बाई जवळ येऊन पाठीवर हात ठेवून म्हणाली, हळू बाई, शेजारी जीपवाल्याची तान्ही पोरगी आत्ताच झोपली आहे.

मी आवाज कमी केला नाही.