त्याचं अक्षर लेकीलाच लागायचं

कोर्टाच्या मागच्या भिंतीला लागून आमची दोघांची दुकानं. दुकानं कसली, माझी घड्याळदुरुस्तीची काचेची पेटी आणि शेजारी निळ्या ताडपत्रीवर मांडलेली त्याची जुनी पुस्तकं. अठरा वर्षांचा शेजार. त्याला सगळे लेखक म्हणतात. पोस्टमन कौतुकानं म्हणतो, चहावाला चेष्टेनं. त्याला दोन्ही चालतं.

लेखक तो खराच. गिऱ्हाईक नसलं की मांडीवर पुठ्ठा घेऊन पाठकोऱ्या कागदांवर लिहीत बसायचा. अक्षर मात्र कोंबडीच्या पायांचं. एकदा मी एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय रे?" त्यानं कागद जवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाला, "संध्याकाळी लेकीला विचारून सांगतो."

लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. "डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून तयार झालेय, काका," म्हणायची. सुटल्यावर थेट इकडे यायची, पालथ्या खोक्यावर बसायची आणि बापाचे कागद लांब वहीत उतरवून काढायची. लग्न झालं तरी रविवार चुकला नाही. आई गेली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तेव्हापासून लग्नापर्यंत त्या घरात दोघंच, त्यामुळे बापाचं खाणं, औषध आणि अक्षर, तिन्ही तिच्याकडे.

त्याची एकच कादंबरी छापून आली, तीही तिच्याच वहीवरून. गोष्ट आजारी बायकोची. फार खपली नाही, पण वाचणारे शोधत यायचे. एक निवृत्त शिक्षिका उभ्या उभ्या डोळे पुसत म्हणाल्या, "तो मरणाचा प्रसंग वाचवत नाही हो." तो मान खाली घालून पुस्तकं सारखी करत राहिला. छापील पुस्तक त्यानं स्वतः कधी उघडलं नाही. मी छेडलं, तर म्हणाला, "आपणच रांधलेलं आपण किती चाखायचं?"

मागच्या वर्षी लेकीला ताप आला. साधा वाटला. नवव्या दिवशी ती गेली. चौतीस वर्षांची होती.

पंधरवड्यानं तो येऊन बसला. पुस्तकं मांडली, पण आडवीतिडवी. दुसरी कादंबरी अर्धी तिच्या वहीत उतरली होती, उरलेली त्याच्या हातची, दोन पिशव्या भरून. ती आता कोणाला लागेना. त्यालाही नाही. मी डोळ्याला भिंग लावून बघितलं. स्क्रू दिसतात, ते अक्षर दिसेना. कोर्टातल्या टायपिस्टनं चार पानं नेली आणि तिसऱ्या दिवशी परत आणली. "रागावू नका, पण अर्ध्या जागा मी कोऱ्याच सोडल्यात."

मग त्याला एक युक्ती सुचली. पहिल्या कादंबरीचं कच्चं लिखाण घरी होतं. ते आणि छापील पुस्तक शेजारी ठेवायचं, म्हणजे आपला 'म' कसा, 'भ' कसा, ते कळेल. स्वतःचीच बाराखडी तो साठाव्या वर्षी गिरवायला बसला. रोज दोन-तीन पानं. मध्येच हसायचाही, "अरे, हा 'घ' आहे होय!"

एके दुपारी त्यानं माझा दंड धरला. मी चिमटा खाली ठेवला.

"हे मी लिहिलेलं नाही," छापील पानावर बोट ठेवून तो म्हणाला.

त्याच्या कागदावर होतं ते असं : बायको अखेरच्या घटका मोजतेय आणि नवरा परगावी, एका संमेलनात आपली कथा वाचून टाळ्या घेतोय. उशाशी फक्त मुलगी. छापील पुस्तकात नवरा स्टँडवरूनच माघारी फिरतो आणि बायकोचा हात हातात घेऊन तिला ती कथा वाचून दाखवतो. ऐकता ऐकता ती डोळे मिटते.

"खरं कुठलं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"माझं," तो म्हणाला. "मी गेलो होतो. डॉक्टर नको म्हणाले होते, तरी गेलो. ती एकटी होती आईजवळ. पंधरा वर्षांचं पोर. आणि उतरवून काढताना तिनंच मला तिथं आणून बसवलं."

समोरून एक बाई घड्याळ घेऊन आल्या. मी त्यांना उद्या या म्हटलं.

"लोक त्या प्रसंगाला चांगलं म्हणायचे ना," तो म्हणाला, "मला वाटायचं, मी कबूल केलं म्हणून म्हणतात. मन हलकं व्हायचं माझं. आणि लोक वाचत होते भलतंच."

"तुझी अब्रू राखली तिनं."

"राखली असेल. की तिलाच ते वाचवलं नसेल? उतरवून काढताना तिचा हात कसा चालायचा? रोज माझ्याशेजारी बसून लिहायची रे, मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला माफ केलं की गप्प केलं, हे आता कोणाला विचारू?"

मी दोघांसाठी चहा सांगितला.

दुसऱ्या कादंबरीचा नाद त्यानं सोडला. तिच्या वह्या जावयानं मागितल्या, त्या देऊन टाकल्या. पिशव्या घरी पडून आहेत. पुढचे तीन महिने मात्र तो तेवढंच एक प्रकरण पुन्हा लिहीत होता, पहिलीतल्या मुलासारखं मोठं, सुटं अक्षर काढून. अकरा पानं झाली. मला वाचायला दिली. एकही शब्द अडला नाही. संमेलनातल्या टाळ्या होत्या, परतीची चुकलेली गाडी होती, आणि दारात उभी राहून "बाबा, झालं सगळं" म्हणणारी मुलगी होती. मी कागद नीट जुळवून परत दिले.

छापायला प्रकाशक उरला नव्हता. त्याचा धंदा केव्हाच बसलेला. पानं त्यानं जावयाला नेऊन दिली. जावयानं ती दारातच उभ्या उभ्या वाचली आणि इतकंच म्हणाला, "तिनं मला हे कधी सांगितलं नव्हतं."

लेखक अजून माझ्या शेजारी बसतो. हल्ली लिहीत नाही. कोणी पुस्तक मागितलं तर काढून देतो, नाहीतर रस्त्याकडे बघत राहतो. चहा मी सांगतो. निवायच्या आत पी, हेही मलाच सांगावं लागतं.