विटेसारखी लाल घार

काल सुनेनं मशीनमधून पांढरा शर्ट काढला, तर त्याच्या खांद्यावर लालसर डाग. ती हळहळली, मला मात्र हसू फुटलं. मी थेट भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये जाऊन पोहोचले होते.

तेव्हा तिथला पोलादाचा कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहत होता आणि आमच्या क्वार्टरसमोरच्या खांबावर एक घार येऊन बसायची, अंगभर विटेसारखी लाल. आमचे हे ड्राफ्ट्समन. नकाशे कळतात म्हणजे पाखरंही कळतात, असा त्यांचा समज. "रशियाची घार आहे, मशिनरीच्या पेट्यांसंग आली," हे त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं. शेजारच्या मेश्रामबाई म्हणाल्या, "मंग तिले आपली भाषा कशी समजते? मी हाट म्हटलं का उडते."

खात्री करायला यांनी रविवारी कारखान्यातल्या एका रशियन साहेबालाच चहाला बोलावलं. मी कांद्याची भजी तळली. पांढराशुभ्र शर्ट घातलेला साहेब अंगणात बसला, हातात बशी, नजर खांबावर. तेवढ्यात घार सरळ खाली आली, बशीतलं भजं उचललं आणि साहेबाच्या खांद्याला पंख घासून गेली. शर्टावर ओल्या लोहखनिजाचा लाल पट्टा उमटला. घारबाई कारखान्यातल्या खनिजाच्या डबक्यात आंघोळ करून येत होत्या.

साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला, "हमारा नहीं."

यांचा चेहरा बघून तेव्हा मला रडू येत होतं. मेश्रामबाईंनी कुंपणापलीकडून निकाल दिला, "आमचीच हाय जी साहेब. भजं बरोबर वळखलं तिनं."