मेपर्यंत कोण आहे?

फुटबॉल पायाने खेळतात, एवढंच मला ठाऊक होतं. इथे आखातात लेकीच्या शाळेमुळे हा हाताने फेकायचा अमेरिकन प्रकार आमच्या मागे लागला. त्यात चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेची पट्टी ओढली की तो थांबला. सगळा डाव एकाच पोराच्या हातात, तो क्वार्टरबॅक. तो फेकणार, बाकीचे झेलायला धावणार. बारा वर्षांच्या आमच्या कन्येने वर्षभर एकच धोशा लावला होता, ‘धिस टाइम आय अ‍ॅम क्वार्टरबॅक, मॉम.’ आणि आमचे हे, ज्यांनी जन्मात कॅरमखेरीज काही खेळलं नाही, ते हौसेने कोच!

मुलं वाटून घ्यायची संध्याकाळ आली. पाच कोच, आळीपाळीने एकेक मूल निवडायचं, स्वतःचं मूल मात्र स्वतःच्या टीममध्ये घ्यायचं नाही. नेमके साहेब रास अल खैमाच्या साइटवरून परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. फोनवर म्हणाले, “तू जा. यादी पाठवलीय. यादीबाहेर जाऊ नकोस.”

अल बर्शातल्या शाळेच्या कँटीनमध्ये बसून मी यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. फेक, वेग, आणि तिसरा रकाना: ‘मेपर्यंत आहेत का?’ म्हणजे बापाची नोकरी आणि व्हिसा सीझन संपेपर्यंत टिकणार का! गेल्या वर्षी ऐन फेब्रुवारीत आमच्या क्वार्टरबॅकच्या बापाची नोकरी खलास झाली, पोरगा मायदेशी गेला आणि आम्ही सपाटून हरलो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, कबूल. पण हे ताकाचा पासपोर्ट मागत होते.

एक कुरळ्या केसांचा मुलगा होता. दहातले चार चेंडू भलतीकडे फेकायचा, पण उरलेले सहा बघून अंगावर काटा यायचा. त्याच्यापुढे शेरा: ‘कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत. नको.’ पहिला नंबर एका गुणी बाळाचा. फेक दहा पावलांपलीकडे नाही, पण वडिलांचं स्वतःचं दुकान.

मी फोन लावला. “अहो, कुरळ्याला घेऊ का? काय हात आहे त्याचा!”

“हाताला काय चाटायचंय? मार्चनंतर कोण फेकणार, तू?”

घेतलं बाई गुणी बाळ. कुरळ्याला पुढच्याच कोचने आनंदाने उचललं. मी चरफडत बसले.

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. माझ्या लेकीला कुणी घेईना. सरावाला तर सगळे तिची वाहवा करत होते! चौथ्या फेरीतही नाही. शेजारच्या मल्याळी कोचकडे अजून क्वार्टरबॅक नव्हता, तरी तो तिच्या नावावरून बोट पुढे सरकवत होता. माझं डोकंच फिरलं.

“भाईसाब, मेरी बेटी में क्या कमी है?”

तो ओशाळला. “भाभी, आप लोग तो जा रहे हो ना? रास अल खैमा का प्रोजेक्ट बंद हो रहा है. भाईसाब ने खुद सबको बोला, मेरी बेटी को मत लो, मे तक हमारा पता नहीं.”

मला काहीही माहीत नव्हतं. तरी तोंडातून निघालं, “लिख लो उसका नाम. मे तक हम यहीं हैं.”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

बाहेर येऊन फोन केला. ह्यांनी पहिलं विचारलं, “तिला घेतलं का गं कुणी?”

“घेतलं. तुम्हाला कळून किती दिवस झाले?”

“तीन आठवडे.”

“तीन आठवडे! रोज माझ्यासमोर बसून जेवलात, आणि ही बातमी मला परक्या माणसाकडून कळावी?”

“तुला सांगितलं असतं तर तुझी झोप उडाली असती.”

“आणि तुम्ही झोपत होतात का?”

ह्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.