न्हाणीघराची पाटी

दिघीच्या शालनबाई म्युनिकला गेल्या त्या धाकट्याला घरी आणायला.

थोरला गणराज चाकणच्या एका लहानशा कारखान्यात टाकी साफ करायला उतरला, तो वर आला नाही. आतल्या वायूनं गेला. धाकटा शेखर तेव्हा जर्मनीत नोकरीला होता. दहाव्याला आला, तेरावा उरकून गेला, आणि मग दोन वर्षं त्यानं घराचं तोंड पाहिलं नाही. फोनवर भावाचं नाव निघालं की त्याला मीटिंग आठवायची. शेवटी सोपानराव बायकोला म्हणाले, "तूच जा. माझं त्यो ऐकत न्हाई."

तिथंही शेखर सापडत नव्हता. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, आईच्या हातची भाकरी खाली मान घालून खायचा. रविवारी म्हणाला, "आई, तुला कुठंतरी फिरवून आणतो." ऑफिसातल्या कुणीतरी डाखाऊचं नाव सांगितलं होतं. हिटलरच्या काळातली छावणी, सोबत माहिती सांगणारी बाई, दिवसभराची सहल. ते कसलं ठिकाण आहे हे त्याला माहीत होतं. आपण आईला कुठं नेतोय, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

नऊवारीवर स्वेटर, त्यावर मुलाचं जाकीट घालून शालनबाई लोखंडी फाटकातून आत शिरल्या. पांढऱ्या केसांची, सडपातळ अंगाची गाइड इंग्रजीत सांगत होती आणि शेखर आईच्या कानाशी मराठीत. इथं माणसं उपाशी ठेवली, राबवली, त्यांना गोळ्या घातल्या. आजारानं हजारो मेली.

"काय केलं हुतं त्यांनी?"

"काही नाही. कुणी विरोधात बोललं, कुणी नुसतं ज्यू होतं."

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला, पण चालत राहिल्या.

प्रेतं जाळायच्या भट्ट्यांच्या इमारतीत एका खोलीच्या दारावर जर्मन अक्षरं होती. गाइड थांबली आणि हळू आवाजात बोलू लागली. शेखर एकाएकी गप्प झाला.

"काय म्हणती ती? सांग की."

"काही नाही, आई. चल बाहेर."

"शेखर, सांग."

त्यानं जमिनीकडं बघत सांगितलं. वर न्हाणीघर असं लिहिलंय. ही खोली विषारी वायूसाठी बांधली होती. इथं तिचा सरसकट वापर झाल्याचा पुरावा नाही. पण दुसऱ्या छावण्यांत अशीच आंघोळीची थाप मारून लाखो माणसं आत नेली, पोराबाळांसकट.

शालनबाई त्या बुटक्या छताखाली उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गणूला बी सांगितलं हुतं, टाकीत पानीच हाय म्हणून."

माणसं पुढं सरकली. त्या हलल्या नाहीत.

"जीव जायाला किती येळ लागतो रं?"

"आई, नको ना."

"तू शिकलेला हायस. घरी समदे म्हणत्यात, लगेच गेला, त्याला कळलं बी न्हाई. खरं सांग."

"लगेच नाही, आई."

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "त्याची नखं बघितली हुती म्या. समदी सोलली हुती."

मागं राहिलेल्यांना न्यायला गाइड परत आली. तिनं काय झालं म्हणून विचारलं. शेखर कसाबसा एवढंच बोलू शकला, माझा भाऊ. तिनं पुढं काही विचारलं नाही. शालनबाईंचा दंड धरून त्यांना बाहेर बाकावर बसवलं, थोडा वेळ शेजारी बसली आणि मग आपल्या माणसांकडं गेली.

"घरी चल बाळा," शालनबाई म्हणाल्या. "तुझा बाप दिसभर खाटंवर पडून असतोय. त्या घरात मला बोलाया कुणी न्हाई."

"नाही जमणार, आई. चाकणचा रस्ता नुसता आठवला तरी माझा श्वास कोंडतो."

"मग आमी काय करावं?"

शेखरनं दोन्ही हातांत तोंड झाकलं. एवढा वाढलेला पोरगा, हमसून हमसून रडला. शालनबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्यानंतर त्यांनी त्याला घरी चल म्हटलं नाही.

पुण्याच्या विमानतळावर सोपानराव कठड्याला धरून उभे होते. शालनबाई बाहेर आल्या, तरी ते त्यांच्या मागं दाराकडंच बघत राहिले.

"एकलीच?"

"एकलीच."

रिक्षा दिघीच्या वाटेला लागल्यावर त्यांनी विचारलं, "पोरगं बरं हाय न्हवं?"

शालनबाईंनी बोलायला तोंड उघडलं, आणि नुसता हंबरडा बाहेर पडला. रिक्षावाल्यानं घाबरून गाडी कडेला घेतली. सोपानरावांनी बायकोचा हात धरला. बाजूनं कंपन्यांच्या बसेस सुसाट जात राहिल्या.