बशीतली श्वासनलिका

मुग्धानं सूक्ष्मदर्शकासमोरचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "आई, एक डोळा मिटू नकोस. दोन्ही उघडे ठेव."

काचेच्या बशीत माणसाच्या श्वासनलिकेचं अस्तर होतं. माझ्या लेकीनं प्रयोगशाळेत वाढवलेलं. त्यावरचे अतिसूक्ष्म केस एकाच दिशेनं लवत होते, वाऱ्यावर कोवळा गहू लवावा तसे. धूळ आणि कफ वर ढकलणारं हे काम आपल्या आतही अखंड चालू असतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसऱ्या बशीला तिनं सिगारेटचा धूर दिला होता. तिथले केस निपचित पडले होते. तिसऱ्या बशीचा धूर थांबवून काही दिवस झाले होते, आणि तिथे मधूनच एखादा पुंजका हलतोय, असं तिनं आम्हाला सांगितलं.

माझ्यानंतर तिचे बाबा बसले. आयुष्यभराची सिगारेट त्यांनी नुकतीच सोडली होती. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग हळूच विचारलं, "म्हणजे माझंही भरून येईल?"

पोरी, हो म्हण, मी मनात म्हटलं.

"सगळं नाही येणार, बाबा." तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पण थोडं येतं. ते मी रोज बघते."

मायेपोटी आपण किती सहज खोटं बोलून जातो! माझ्या मुलीनं मात्र बापाला जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं. अभिमानानं माझा ऊर भरून आला.

त्यांनी पुन्हा भिंगाला डोळे लावले.

"कुठला पुंजका हलतोय म्हणालीस?"